रुमालाखालचा हात

मंगळवार, २ जुलै १९५७. जागा जालन्याचा बैलबाजार. बोललेली रक्कम दोनशे दहा रुपये, एका बैलाची. हजर माणसं तीन: विकणारा माझा थोरला भाऊ, घेणारा मी, आणि दोघांच्या मध्ये दलाल, ज्यांना सगळा बाजार चाचा म्हणायचा. भोवती बघे जमले ते नंतर, आणि पांगले तेही एकदमच, म्हणून त्यांना हजर धरत नाही.

आधी मागचं सांगतो, म्हणजे एकाच आईच्या दोन पोरांना एक बैल घ्यायला-विकायला दलाल कशाला लागला ते कळेल.

आमचं गाव बदनापूरपासून चालत तासाभरावर. १९५४ साली आमची वाटणी झाली. जमीन निम्मी निम्मी, घराच्या मधून भिंत, आणि बैलजोडीतला एक एक बैल. उजव्या बाजूला चालणारा दादाला, डाव्या बाजूला चालणारा मला. आम्ही त्यांना उजव्या आणि डाव्याच म्हणायचो. विहीर माझ्या वाट्यात आली, म्हणून मी दादाला एकशे चाळीस रुपये द्यावेत असं पंचांनी ठरवलं. कोणते रुपये ते कुणी बोललं नाही. त्या काळात आमच्याकडे निजामाचा हाली रुपयाही चालत होता आणि हिंदुस्थानचा कलदारही. सात हालीचे सहा कलदार असा भाव. गावात तोवर सगळं बोलणं हालीतच चालायचं, म्हणून मी एकशे चाळीस हालीचे एकशे वीस कलदार मोजून दादापुढे ठेवले. दादा म्हणाला, "पंच एकशे चाळीस म्हणलेत." मी भाव सांगितला, गुणाकार करून दाखवला. तो म्हणाला, "हिशोब बराबर आहे तुझा," आणि पैसे उचलून आत गेला. त्यानंतर तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. फरक वीस रुपयांचा होता. माझा हिशोब तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे.

पण बैलांना वाटणी कळत नाही. एका बैलानं पेरणीची तिफण चालत नाही आणि उजव्याला डावीकडे जुंपला तर तो उभाच राहतो. म्हणून चार दिवस जोडी दादाच्या रानात, चार दिवस माझ्या. आज कुणाची पाळी ते आमच्या बायका भिंतीवरून एकमेकींना सांगायच्या. संध्याकाळी मी डाव्याला सोडून आणायला त्याच्या गोठ्याशी जायचो, तेव्हा दादा आत असला तर खाकरायचा. तेवढंच त्याचं मला ऐकू यायचं. खरं सांगायचं तर कधी कधी मी त्यासाठीच उशिरा जायचो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी फ्ल्यूची साथ आली. साथीच्या आधी पेपर आला. बदनापूरच्या स्टेशनाजवळ एक चहाचं हॉटेल होतं, तिथं गाडीनं पेपर उतरायचा आणि गावचे शाळेचे गुरुजी तो मोठ्यानं वाचायचे. मुंबईत इतके पडले, मद्रासेत इतके पडले, बोटीतून आला, रेल्वेतून पसरतोय, गर्दीत जाऊ नका, शिंकणाऱ्याजवळ उभं राहू नका, हात लावू नका. आकडे रोज वाढायचे. मी एकदा विचारलं,

"गुरुजी, पडलेले छापतेत, उठलेले किती ते छापत न्हाईत का?"

"उठलेल्याची बातमी कोण वाचंल?" गुरुजी म्हणाले.

एकानं विचारलं, "बैलाला होतो का ओ हा ताप?"

"बैल पेपर वाचत न्हाई," हॉटेलवाला म्हणाला, "त्याला कशाचा होतोय."

सगळे हसले, पण दुसऱ्या दिवसापासून बाकावर माणसं लांब लांब बसायला लागली आणि पुढच्या आठवड्यात तर बसेनाशीच झाली. हॉटेलवाल्याचं दूध नासायला लागलं. उलट मारवाडी शेठच्या दुकानात कापराची रांग लागली. एका आण्याची पुडी दोन आण्याला झाली. त्याच वर्षी नवे पैसे आले होते, तेव्हा दोन आण्याचे बारा नवे पैसे व्हायचे, शेठ तेरा घ्यायचा. लोक कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून पेरणीच्या तयारीला लागले होते. पेपर सांगत होता एक आणि रान सांगत होतं दुसरं. रानाला पेरणीजोगा वाफसा आला होता, आणि ती वेळ कुणासाठी थांबत नाही.

मग गुरुजींनी एका दिवशी वाचलं की साथीमुळे बाजार बंद करायचा विचार चालू आहे. ही बातमी मुंबईकडची होती. आमच्या गावात पोचेस्तोवर ती जालन्याची झाली, आणि "विचार चालू आहे" हे मधल्या वाटेत गळून पडलं.

त्याच संध्याकाळी माझी बायको भिंतीपासून आत आली आणि म्हणाली, "मोठे भावजी उजव्याला मंगळवारी बाजारात काढून राह्यलेत."

"पेरणीच्या तोंडावर?"

"जाऊबाई म्हणल्या, त्यांच्या भावानं परतूरकडच्या आष्टीला दुकान टाकलंय, तिकडं बोलवलंय. दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं. पण आता बाजार बंद होनार म्हणतेत, मंग बैल कोन घेनार, म्हणून आत्ताच."

मी जेवलो नाही असं म्हणणार नाही, जेवलो. पण ताटावर बसून दोन गोष्टी मांडून पाहिल्या. उजव्या गेला तर माझी पेरणी गेली. नवा बैल डाव्याच्या चालीला बसायला एक हंगाम घेतो. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की उजव्या गेला म्हणजे संध्याकाळी त्या गोठ्याशी जायचं कारणच उरणार नाही. पहिलीची रक्कम मला काढता आली. दुसरीची नाही काढता आली.

घरात असलेले आणि माझ्या मेव्हण्याकडून आणलेले मिळून दोनशे वीस रुपये कनवटीला लावून मंगळवारी मी जालन्याला गेलो. सरळ जाऊन दादाला म्हणता आलं असतं, बैल मला दे. पण आमच्यात सरळ काही राहिलं नव्हतं. आणि माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. ती सांगायला थोडी लाज वाटते.

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आपला रुमाल पसरायचा, त्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा, मग घेणाऱ्याचा. बोटं दाबून आकडे सांगायचे: एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की दहा ते बैल बघूनच कळायचं. चेहरा कोरा ठेवायचा. बाहेरच्याला काही कळत नसे, त्यामुळे मागणाऱ्याला शरम नाही आणि कापणाऱ्यालाही नाही. शेवटी भाव जुळला की चाचा दोघांचे हात रुमालाखाली एकमेकांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "लो, हो गया." मगच सौदा झाला.

हे बोटांचं बोलणं मला दादानंच शिकवलं होतं. तो आठ वर्षांनी मोठा. मी लहान असताना रानात राखणीला गेलो की एकाच घोंगडीखाली बसायचो. तो घोंगडीत माझा हात धरून बोटं दाबायचा आणि विचारायचा, किती झाले? चुकलो तर तळहातावर एक चिमटा. त्याच्या आंगठ्याच्या मुळाशी विळ्याची एक जुनी खूण होती, ती माझ्या बोटांना पाठ झाली होती. मी बाजारात चाललो होतो तो बैल घ्यायला हे खरंच. पण वाटेनं सारखं मनात येत होतं की तीन वर्षांनी आज दादाचा हात हातात येईल, आणि बोलायची गरज पडणार नाही.

बाजार निम्मासुद्धा भरला नव्हता. बैलांचे भाव पडलेले. एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसायची तिथं माणसं तोंडाला पंचा लावून हातभर अंतर ठेवून उभी. लिंबं विकणाऱ्या बाईच्या मात्र पाट्यांवर पाट्या खपत होत्या. दादा कोपऱ्यात उजव्याला घेऊन उभा होता. मी आलेला पाहून त्यानं मान वळवली. उजव्यानं मात्र मला ओळखलं आणि माझ्या पिशवीकडे तोंड केलं.

चाचा आले. पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. आमच्या वडिलांचे सगळे सौदे त्यांनीच केलेले. बैल कुणाचा आणि घेणार कोण हे पाहून ते दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी पुढं झालो आणि हात पुढं केला.

चाचा एक पाऊल मागं सरकले.

"हात न्हाई, धाकले मालक. अखबार में आया है. पोरानं रातीला वाचून दाखवलं. हातातूनच जातो हा बुखार. आज तोंडानं बोला."

"चाचा, तोंडानं कसा सौदा होईल?"

"मला बी न्हाई माहीत. सकाळधरनं एक बी झाला न्हाई," चाचा म्हणाले. "थोरले मालक, तुम्ही बोला. कितीला?"

दादा चाचांकडे बघून म्हणाला, "दोनशे दहा. सांगा त्यांना."

त्यांना. मी लहानपणापासून त्याच्या तोंडी 'तू' होतो, 'तुह्यायला' होतो, 'गाढवा' होतो. 'त्यांना' कधी नव्हतो.

तोंडानं भाव बोलतायत हे कळल्यावर रिकामे बसलेले लोक गोळा व्हायला लागले. करायला दुसरं काही नव्हतंच. चाचा माझ्याकडे वळले. "बोला."

बैल त्या दिवशीच्या बाजारात एकशे ऐंशीच्या वर नव्हता. रुमालाखाली मी एकशे साठला सुरुवात केली असती, त्यानं माझी बोटं झटकली असती, आणि आम्ही एकशे ऐंशीला आलो असतो. पण इतक्या लोकांदेखत थोरल्या भावाला, वडिलांनी गोऱ्हा असताना आणलेल्या बैलाचे पैसे कापून कसे सांगायचे? तोंडातून शब्द निघाला तो असा:

"दोनशे दहा. दिले."

दादाचा कान लाल झाला. धाकट्यानं शब्द न कापता रक्कम कबूल केली, आणि थोरल्यानं ती जशीच्या तशी घ्यायची, तीही चारचौघांत? तो म्हणाला, "चाचा, सांगा त्यांना, दोनशेच द्या म्हणावं."

मी म्हणालो, "दोनशे दहा बोललेत ते. मी दोनशे दहाच देनार."

"मंग एकशे ऐंशी."

"दोनशे वीस," मी म्हणालो. जवळ तेवढेच होते.

"एकशे साठ! एक पैसा जास्त घेनार न्हाई!"

आता लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्यांला ताप चढलाय दोघांला बी! उलटा सौदा करून राह्यले!" दुसरा म्हणाला, "थोरले, असंच चालू द्या, संध्याकाळपर्यंत बैल फुकट सुटंल. मी घेतो मंग!"

चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "चाळीस साल झाले मला ह्या बाजारात. विकणारा उतरतो आणि घेणारा चढतो, हे मी बिलकुल पाह्यलं न्हाई. अरे, तुमच्या बापानं चार आण्यासाठी मला दुपारपर्यंत उन्हात उभा केल्ता!"

लोक आणखी हसले. मलाही हसू येत होतं. दादा मात्र हसत नव्हता. तो घामानं निथळला होता, आणि मला वाटलं ते शरमेनं. तो उजव्याच्या पाठीवर हात टेकून म्हणाला, "चाचा, रुमाल टाका."

"अखबार..."

"अखबारवाल्याला बैल इकायचाय का आपल्याला? टाका रुमाल."

चाचांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, खांद्यावरचा रुमाल काढला आणि पसरला. स्वतःचा हात त्यांनी घातला नाही. रुमालाची दोन टोकं धरून ते आमच्या मध्ये उभे राहिले, आणि आम्हा दोघांचे हात खाली गेले.

हात सापडला. विळ्याची खूण तिथंच होती. पण हात तव्यासारखा तापला होता. त्यानं माझं एक बोट धरलं, दाबायला गेला, आणि बोटांत जोरच नव्हता. किती सांगत होता ते मला कळलं नाही. मी आकडा बघतच नव्हतो.

"दादा," मी म्हणालो, "ताप आहे तुला."

तीन वर्षांत त्याला बोललेला हा माझा पहिला शब्द. तो म्हणाला, "असंल. कालधरनं आहे."

ताप हा शब्द ऐकला आणि लोक पांगले. एवढ्या झटक्यानं पांगले की एकाची वहाण तिथंच राहिली. लिंबवालीनं पाटी उचलून जागा बदलली. त्या कोपऱ्यात आम्ही तिघं आणि बैल एवढेच उरलो. चाचा गेले नाहीत. ते फक्त रुमालाकडे बघून म्हणाले, "आता हा धुवायला लागंल," आणि माझा हात धरून त्याच्यावर खिशातल्या बाटलीतलं निलगिरीचं तेल ओतलं. माझ्या आयुष्यात तेवढं तेल मी कधी वाया गेलेलं पाहिलं नाही.

दादा बैलाच्या कडेला खाली बसला. मी विचारलं, "आता?"

तो म्हणाला, "सोड तू त्याला. घरी चल." तू म्हणाला.

मी चाचांना त्यांचे दलालीचे दोन रुपये काढून देऊ लागलो. बाजाराचा नियम असा होता की दोन विकणाऱ्याचे, दोन घेणाऱ्याचे. चाचांनी घेतले नाहीत. "सौदा अधुरा आहे. पूरा होईल तवा घेईन. हिशोबात ठेवा."

एका गाववाल्याच्या बैलगाडीत दादाला आडवा घातला. उजव्या मागं बांधला. दादानं वाटेत एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "कापूर आणला का?" मी म्हणालो, "शेठ तेरा पैसे घेतो." तो म्हणाला, "चोर आहे." मग झोपला.

पुढं जे झालं त्यात पेपरात छापण्यासारखं काही नव्हतं. दादा अंथरुणाला खिळला, घामाघूम झाला, भाताची पेज प्यायला आणि उठला. तोवर मी जोडी घेऊन आधी त्याचं रान पेरलं, मग माझं पेरायला घेतलं. माझं निम्मं पेरून झालं आणि मला ताप भरला, त्याच्याच हातातला म्हणा. उरलेलं दादानं पेरलं. अशक्तपणानं त्याची एक ओळ वाकडी गेली. बाजरी वर आली तेव्हा ती वाकडी ओळ लांबूनही दिसायची. मी ती कापणीपर्यंत बघत होतो. गावात बरेच पडले, आणि उठले. वहिनी आमच्या चुलीवर आणि माझी बायको त्यांच्या चुलीवर, असं महिनाभर चाललं. बाजार काही बंद झाला नाही. गुरुजी मात्र वाचत राहिले, आणि मग एके दिवशी पेपरात साथ दिसेनाशी झाली. संपली असं कुणी छापलं नाही.

दादा त्यानंतर माझ्याशी बोलायचा, पण जपून. पेरणी, पाणी, जनावरं. एकशे चाळीसबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही नाही. आष्टीचं त्यानं पुढं ढकललं, एक हंगाम, मग आणखी एक. मला वाटायला लागलं होतं की तो आता जात नाही. १९५९च्या दिवाळीनंतर तो गेला. त्याच्या मेव्हण्याचं दुकान चांगलं चाललं होतं आणि पोरांच्या शाळेची सोय तिथं होती. ह्यात चूक काढण्यासारखं काहीच नाही.

बदनापूर स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. वहिनी आणि पोरं सामानाजवळ. परतूरची गाडी यायची होती. उजव्या माझ्या गोठ्यात होता. दादानं आदल्या दिवशी स्वतः आणून डाव्याशेजारी बांधला होता. मी दोनशे रुपये आणले होते, दहादहाच्या नोटा. दादा फलाटाच्या कडेला उभा होता. मी खांद्यावरचा पंचा काढला, हातावर टाकला आणि त्याच्याजवळ गेलो. त्याला कळलं. त्यानं पंचाखाली हात घातला.

मी नोटांची गड्डी त्याच्या हातात दिली. त्यानं ती बोटांनी चाचपली. मग पंचाखालीच त्यानं त्यातल्या नोटा एकेक करून वेगळ्या केल्या. माझी मूठ उघडली, बाकीची गड्डी तिच्यात ठेवली आणि वरून माझी बोटं मिटली. त्याच्या हातात दोन नोटा राहिल्या. वीस रुपये.

"हिशोब बराबर?" त्यानं विचारलं.

"बराबर," मी म्हणालो.

माझी मूठ त्यानं गाडी येईपर्यंत सोडली नाही. हात थंड होता, विळ्याची खूण तिथंच. चढताना त्यानं कोटाच्या खिशातून दोन रुपये काढून माझ्याकडे दिले. "चाचाचे राह्यलेत."

आता संध्याकाळी मी दोन्ही बैल एकाच गोठ्यात बांधतो. भिंतीच्या पलीकडे कुलूप आहे. आष्टी काही लांब नाही. रेल्वेनं परतूर आणि पुढं बैलगाडी, एका दिवसाचं काम. वर्षात एकदोनदा जाणं होतं. तो दुकानात असतो, गिऱ्हाईक असतं, चहा होतो. पण रुमाल टाकायला आता कारण नाही. उजव्याच्या मानेवर हात ठेवला की कधी वाटतं, पलीकडून कुणी खाकरेल. मी थोडा वेळ थांबतो आणि मग कडबा टाकून घरात येतो.

शेवटचा हिशोब असा. दादा गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी मी जालन्याला जाऊन चाचांना भेटलो. सौदा पूरा झाला, वीस रुपयांत, असं सांगितलं. ते म्हणाले, "इतका सस्ता बैल ह्या बाजारात कुणी घेतला न्हाई," आणि हात पुढं केला, रुमालाशिवाय. बैलाचे वीस रुपये दादाला पोचले. चाचांना चार दिले: दोन दादाचे, दोन माझे.